मेजरांचा पळता हरण्या

शामराव मेजर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते भांडायलाच. विश्रामबागेत माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्यांनी खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा काउंटरवर ठेवला, पडद्यावर एक फोटो आणला आणि दरडावून विचारलं, "ह्यात कुत्रं कुठं हाय, दावा." फोटोत उसाचा बांध होता, आभाळ होतं आणि अगदी कडेला शेपटीचं टोक होतं. "ही काय शेपटी," मी म्हणालो. "व्हय, शेपटीच! आख्खं कुत्रं समोरनं गेलं आन् ह्या डब्यात शेपटी घावली!" कॅमेरा मी विकलेला नव्हता, पण हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला!

मेजर कडेगावचे. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच. दाराशी चपला अशा जुळवून ठेवायचे की पाठोपाठ येणारं गिऱ्हाईक बिचकून आपल्याही सरळ करायचं. कुत्रं म्हणजे हरण्या. कारवानी जातीचा, लांब पायांचा, कमरेत बारीक. ही जात जन्माला येते तीच पळायला. रोज सकाळी मेजर शेताच्या एका टोकाला उभे राहून शीळ घालायचे आणि दुसऱ्या टोकाकडून हरण्या सुटायचा. "येताना चारी पाय वर असत्यात, आण्णा. जमिनीला कायबी लागत न्हाई. तेवढं एक मला घावू द्या."

मी समजावलं, हा साधा कॅमेरा बटण दाबल्यावर आधी विचार करतो, मग फोटो काढतो. "मंजी आमच्या सायबासारखाच की!" असं म्हणून ते हसत निघून गेले. मला वाटलं, विषय मिटला.

मिटतोय कुठला! "कॅमेरा सुधरत न्हाई तर कुत्रं सुधरू," असं त्यांनी ठरवलं. फौजेत उभी हयात नव्या पोरांना कवायत शिकवण्यात गेलेली. थोड्याच दिवसांत हरण्याला घेऊन दुकानात हजर. कॅमेरा नुसता वर उचलला, की कुत्रं खाली बसलं. छाती पुढे, मान वर, नजर समोर. नाकावर माशी बसली तरी हलेना. फोटो खणखणीत आले, पण सगळे एकसारखे, ओळखपत्राला चिकटवावेत असे. त्यांच्या मंडळी, पारूवहिनी, वैतागून म्हणायच्या, "पोरांस्नी असंच शिकवलं, ती आता सणापुरती येत्यात. आता ह्या मुक्या जिवाच्या मागं लागल्यात." मेजरांना मात्र भारी अभिमान. दिसेल त्याला ते हरण्याला बसवून दाखवायचे. अशी काही वर्षं गेली.

मग हरण्याचे मागचे पाय लटपटू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार, पळतोय तोवर पळू द्या. मेजर तडक माझ्याकडे आले. जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "आण्णा, ह्यो पळायचा थांबायच्या आत मला त्यो फोटो पायजे. बसल्यालं लय झालं. बसल्यालं कुणाचंबी कुत्रं बसल्यालंच दिसतं."

मी त्यांना नवा मिररलेस कॅमेरा दिला, वर लांबची लेन्स. जनावर कितीही पळो, हा त्याचा डोळा आपोआप पकडतो आणि बटण दाबून धरलं की फटाक्याच्या माळेसारखे फोटो काढत सुटतो. मेजर दुपारभर बसून शिकले. रस्त्यावरनं जाणाऱ्या दुचाक्या टिपून बघितल्या आणि लहान मुलासारखे खूश झाले. "आता कुठं जातंय बेनं!"

दुसऱ्याच दिवशी फोन. "आण्णा, कुत्रं पळत न्हाई."

"दुखतंय का?"

"तसं न्हवं. कॅमेरा उचलला की बसतंय."

मी कपाळाला हात लावला. रविवारी गेलो कडेगावला. मेजर पोत्याआड लपले, उसात शिरले. वहिनींनी भाकरी दाखवून हाका मारल्या. शीळ झाली की हरण्या सुटायचा, मागचे पाय ओढत का होईना, जीव खाऊन सुटायचा. पण कारवानी कुत्र्याची नजर ती, काच कुठेही चमको, तो पळता पळता थांबायचा आणि ताठ बसायचा. मी मोबाईल धरला, तरी तेच. मेजर शेवटी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "अरं पळ की बाबा. मी सांगतोय न्हवं तुला? माफ हाय सगळं, पळ." हरण्या शेपूट हलवायचा, पण कॅमेरा वर गेला की पुन्हा ताठ. मेजर बांधावर बसले. "जल्मभर शिकवलं. शिकल्यालं इसरायचं कसं, ते एकालाबी सांगता आलं न्हाई मला." माझं दुकान कॅमेऱ्यांनी भरलेलं, आणि त्या माणसाच्या उपयोगाचं त्यात काहीही नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

तरी ते रोज प्रयत्न करत राहिले. रोज हरण्या थोडं कमी पळायचा.

एका दुपारी वहिनींचा फोन आला, "या जरा. ह्यांच्यानं आता फोटू निघंना." गेलो. हरण्या सोप्यात पोत्यावर आडवा पडला होता. दोन दिवस अन्न तोंडात नव्हतं. मेजर शेजारी मांडी घालून बसलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पळता न्हाई तर न्हाई. हाय असा एक काढा, आण्णा. आठवणीला."

मी बॅगेतून कॅमेरा काढून डोळ्याला लावला. हरण्यानं तो पाहिला. पुढचे पाय त्यानं अंगाखाली घेतले आणि छाती उचलायला लागला. पाय फरशीवरून घसरले. त्यानं पुन्हा घेतले, पुन्हा घसरले. मान तेवढी वर आली होती, थरथरत होती.

मेजरांनी हात लांब करून लेन्सवर पंजा ठेवला.

"नगं आण्णा. ठिवा त्ये आत. त्येला उठाय लागतंय."

मी कॅमेरा बॅगेत घातला. हरण्याची नजर बॅगेवरच, मान तशीच वर. मेजर त्याच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होते, पण तो ऐकेना. शेवटी मी बॅग उचलून बाहेर गाडीत ठेवून आलो, तेव्हा कुठे त्यानं मान खाली टेकली.