सड्यावरचं चार बोटं पाणी

कातळाच्या खळग्यात पाणी साचतं तसे हे किस्से माझ्याजवळ साचलेत. कुणी शेजारी बसलं की थोडे ओतायचे, एवढंच!

तोंडवलीला आमच्या घराच्या वरच्या अंगालाच सडा आहे, उघडा कातळ. पावसात तिथले खळगे भरतात आणि त्यात बेडकांची पिल्लं वाढतात. १९९९ पासून चार पावसाळे पुण्याच्या एक मॅडम ती बघायला यायच्या. रोज सकाळी पाणी मापायचं काम माझं.

मॅडमनी पट्टी दिली होती, पण आकडे बारीक. मी आपली बोटं बुडवायचो. "चार बोटं!" म्हटलं की त्या लिहायच्या.

एकदा मी तापाने पडलो आणि माझ्याजागी शेजारचा बाबलो मापायला गेला. पाऊस असून पाणी तीनच बोटं! मॅडम घाबरल्या, "तळाला भेग पडली की काय?" मग त्यांनी बाबलोचा हात बघितला. जन्मभर वल्हं मारलेला हात, एकेक बोट केळ्याएवढं! तेव्हापासून वहीत बोटांपुढे आमची नावं आली.

आमची ही घरातून ओरडायची, "भाताचो तरवो सुकता थंय, आणि तुमी बेडकांचा पाणी मापतास!" गुडघ्यांपायी सडा चढणं तिने कधीच सोडलं होतं.

मॅडम सांगायच्या, "पूर्वी पाऊस लागून राहायचा. आता मधेच दडी मारतो. पाणी आटतंय हे पिल्लांना कळतं. ती घाईने बेडूक होतात, मग लहानच राहतात."

मी म्हटलं, "माझो बापूस गेलो तेव्हा मी तिसरीत. दुसऱ्या दिवशी होडीवर. म्हणून तर उंची वाढायची राहिली!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला आपल्या डब्यातला लाडू दिला.

चौथ्या वर्षी पावसाने फारच दिवस दडी मारली. मोठ्या खळग्यात बोटभर पाणी उरलं. पिल्लांना मागचे पाय फुटलेले, पुढचे यायचे होते. चार दिवस मिळते तर जगली असती.

"काका, हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी किती आटतं, तेच मला लिहायचंय." बोलताना त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही वर गेलो, तर पाणी चार बोटं! आणि काठावर आमची ही, गुडघे चोळत. बाजूला विहिरीवरची कळशी, रिकामी.

"काकी, हे काय?"

"कलांडली गो बाय," ही म्हणाली. "तीनदा कलांडली."

मॅडमनी वही उघडली. त्या खळग्याच्या पानावर आडवी काट मारली. वही पिशवीत ठेवली. चार वर्षांत त्यांच्या तोंडून मालवणीचा एक शब्द निघाला नव्हता.

"काकी, कळशी द्या," त्या म्हणाल्या. "बाव खंय आसा?"