रीलवाली पाहुणी आणि राखणदार

"फुकट राहणार, फुकट जेवणार, आणि वर आपणच त्यांना थँक यू म्हणायचं? वा रे वा! हा कुठला धंदा?"

मुलाने इन्फ्लुएन्सर नावाचं प्रकरण मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी हेच म्हटलं. हातात कोयता होता, समोर सोललेला नारळ. तो बिचारा दोन पावलं मागे सरून म्हणाला, "आये, आधी तो कोयतो खाली ठेव." मी ठेवला नाही. अर्धवट अक्कल घेऊन आलेल्याला पूर्ण ऐकवायचं, ही माझी सवय आहे, आणि ती या वयात जाणार नाही.

आमचं घर पेडण्याच्या आतल्या अंगाला. आत म्हणजे जिथून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. गोव्यात येणारा माणूस आधी समुद्र विचारतो, मग बाकीचं. आमच्याकडे आहे काय, तर काजूची बाग, पाण्याची एक झर, फणस, आणि संध्याकाळी मोर ओरडतात ते. मुलाने त्या बागेतच दोन खोल्या बांधल्या, मागे-पुढे सोपा, लाल फरशी, न्हाणीघरात गरम पाणी. तो तारवार, म्हणजे बोटीवर, कामाला. गोव्यात घरटी एक तरी तारवटी असतो, तसा आमचा हा. तिथे परक्या प्रवाशांच्या खोल्या नीट लावता लावता त्याच्या मनात आलं, आपल्याच घरी दोन खोल्या काढाव्यात, पर्यटकांना द्याव्यात, आणि पुन्हा बोट बघू नये.

खोल्या झाल्या, फोनवर जाहिरात चढली, आणि कोणी येईना. कुठलंसं एक जोडपं आलं, तेही रस्ता चुकून. मुलाची रजा संपत आली. बोटीच्या एजंटचे फोन सुरू झाले, कागद तयार आहेत, कधी येतोस? खोल्या चालल्या तर तो राहणार, नाहीतर पुन्हा तारवार. इतकं सरळ होतं सगळं. मला तर रात्रंदिवस तोच घोर. एकुलता एक मुलगा आणि तो वर्षातले बरेच महिने पाण्यावर. चतुर्थीला व्हिडिओ कॉलवर आरती म्हणणाऱ्या मुलाकडे बघून आईच्या जिवाचं काय होतं, ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही.

आणि घरात ह्यांचं एकच पालुपद. "जा तू. हय काय असा?"

ह्यांनी उभं आयुष्य डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या आणि ट्रक फणसाखाली येऊन उभा राहिला तो कायमचा. हेही त्याच्यासारखेच सोप्यावर येऊन बसले. पूर्वी बोलायचे, भांडायचे, तियात्राचं नाटक बघून आले की नकला करायचे. मग गप्प झाले. मुलाने काही विचारलं की हे तिसरीकडे बघत म्हणायचे, "तारवारच बरा. जा." मुलाला वाटायचं, बाबांना आपण डोळ्यासमोर नकोच आहोत. एकदा मला म्हणाला, "बाबांका माझी अडचण होता गो." मी त्याला गप्प बस म्हटलं. पण ह्यांना काय टोचून बोलायचं ते बोलून घेतलंच. त्यावर हे उठून बागेत निघून गेले. ह्यांचं उत्तर नेहमी पाठमोरं असतं.

तर इन्फ्लुएन्सर. मुलाने कोणाकोणाला मेसेज केले. एकाने विचारलं, स्विमिंग पूल कुठाय? मी म्हटलं, सांग त्याला, झर आहे, बेडकं आधीपासून पोहतात. एकीला विमानतळापासून मोठी गाडी हवी होती. विमानतळ मोपाला, घरापासून हाकेच्या अंतरावर; तेवढ्याला काय हत्ती पाठवू? शेवटी इंदूरची एक मुलगी हो म्हणाली. ती आणि तिचा कॅमेरा धरणारा नवरा. खोली फुकट, जेवण फुकट, बदल्यात ती आमच्या घराचं रील करणार. याला कोलॅब म्हणतात म्हणे. आमच्याकडे याला पाहुणे म्हणतात.

आणि पाहुणे म्हटल्यावर आमच्या अंगात येतं. मी खोल्या तीनदा पुसल्या. बागेतला सगळा पाला झाडला, अगदी टोकापर्यंत. टोकाला एक मोठं रानटी झाड आहे, त्याच्या मुळाशी एक सपाट काळा दगड. तो आमच्या जागेच्या राखणदाराचा. राखणदार म्हणजे जागा राखणारा; रात्री काठी आपटत फिरतो, गुरं वाट चुकली तर घरी आणतो, असं आम्ही मानतो. वर्षातून एकदा त्याला नारळ, रोट, थोडी दारू. एरवी त्या दगडाकडे कोणी फिरकत नाही, पालाही झाडत नाही. पण कॅमेरा येणार म्हणून मी तोही स्वच्छ घासून पुसून काढला. इतका सुंदर दिसायला लागला की बसावंसं वाटेल.

मुलाने बाजारातून पहिल्या दर्जाची इसवण, म्हणजे सुरमई, आणली. मी तिचं नारळाच्या रसातलं हुमण केलं, तुकड्या रव्यात घोळवून भाजल्या, सोलांची कढी केली. पाहुणी आली, पाया पडली, पान बघितलं आणि लाजत म्हणाली, "आंटी, हम मछली नहीं खाते."

अगो बाई माझे! इतक्या लांबून गोव्यात येऊन मासे नाही? मी मुलाकडे असं बघितलं की तो स्वयंपाकघरातून नाहीसाच झाला. कोलॅब करताना सगळं विचारलंन, हे एवढं तेवढं विचारायचं राहिलं! कारण आमच्याकडे घरी आलेला पाहुणा मासे खाणार नाही ही गोष्ट सोमवार सोडून कोणाच्या डोक्यातच येत नाही. धावत जाऊन अळसांदे, म्हणजे चवळी, शिजवले, त्यांचं रसदार तोणाक केलं, पोदेराकडचे उंडे पाव होते ते गरम केले. पोरीने त्याचं शूटिंग करायला घेतलं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, वाफ दिसेना म्हणून परत गरम करून. तिसऱ्यांदा वाटी उचलली तेव्हा मी तिच्या हातावर हलकीशी चापटी मारली. "पहिला खाव! बाद में फोटो! अन्न थंड करनेका नहीं!" तिचा नवरा हसला, ती हसली, आणि मग जी जेवायला बसली ती पातेलं पुसेपर्यंत. उंडा मोडून वाटीतलं शेवटचं तोणाक टिपताना बघितली आणि माझा सगळा राग गेला. गुणाची पोर होती हो. उगाच कशाला खोटं बोलू?

दुसऱ्या सकाळी मुलगा उजाडताच म्हापशाला पळाला, पनीर आणायला. कालची नाचक्की भरून काढायची होती. मी अंगणात पाणी शिंपडत होते. सहज बागेकडे नजर गेली, तर काय बघते? राखणदाराच्या दगडावर गुलाबी चटई, आणि तिच्यावर आमची पाहुणी एका पायावर उभी, हात वर जोडलेले. नवरा खाली मान घालून शूटिंग करतोय.

मी जी बोंब मारली ती खालच्या बसस्टॉपवर गेली असणार. पोर धडपडून खाली उतरली, रडवेली झाली. तिला काय माहीत? तिथे ना शेंदूर, ना झेंडा, ना पाटी. आम्ही कधी लावलीच नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मग पाटी कोणासाठी लावायची?

माझा आवाज ऐकून हे आले. मला वाटलं, आता हे तिला ओरडणार. पण ह्यांनी आधी चटई उचलून घडी केली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "डरनेका नाय बाय. गाऱ्हाणा घालतंय. तो आमचाच असा."

घरातून नारळ, पानाचा विडा, कपभर हुर्राक, म्हणजे काजूची दारू, आणली. पूर्वी बायकांनी तिथे उभं राहायचं नाही असा रिवाज होता. पण गाऱ्हाण्याला, म्हणजे त्याच्यापुढे मोठ्याने मांडायच्या मागणीला, मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणीतरी लागतंच, आणि मुलगा तर म्हापशाला. हे म्हणाले, "ये गो तू." मी गेले. पाहुणी चपला काढून माझ्या बाजूला हात जोडून उभी राहिली. तिच्या नवऱ्याने ह्यांना खुणेने विचारलं, शूट करू? ह्यांनी मान डोलावली. कॅमेऱ्याचं त्यांना काहीच नव्हतं. समोर राखणदार होता, तेवढंच ते बघत होते.

मग हे बोलायला लागले. कित्येक वर्षांत ह्यांना मी सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बा राखणदारा, ह्या जाग्याच्या धन्या. आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो असा. ह्या चेडू परमुलखातला. तेका म्हायत नव्हता. अजाणतेपणी तुझ्या बैठकेर पाय पडलो, तो गुन्हो पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ह्यो दोन खोल्यो माझ्या झिलान घाम गाळून बांधल्यान. तेंका बरे दिस येवंदेत."

"व्हय म्हाराजा."

हे थांबले. गाऱ्हाणं घालताना मनात ठेवून बोलायचं नसतं. त्याच्यापुढे उभं राहून अर्धं सांगितलं तर ते सांगितलं असं होत नाही. ह्यांनी नारळ दगडाच्या आणखी जवळ सरकवला.

"आणि म्हाराजा, तोंडान मी झिलाक 'जा जा' म्हणतंय. माझ्यासारखो तो बसान रवात ह्या भयान म्हणतंय. पण तो गेलो काय माका घर खावंक येता. जेवाण जायना. तेका परत तारवार धाडू नको. हय माझ्या डोळ्यासमोर ठेव."

हे तसेच उभे, उत्तराची वाट बघत. शेवटी मी कसंबसं "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला. ह्यांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आधी पाहुणीला दिला, आणि माझ्याकडे न बघता घरी गेले.

मुलगा पनीर घेऊन आला. बाप काय बोलला ते त्याला सांगू की नको? पण आमच्याकडे राखणदारापुढे बोललेलं तिथेच ठेवतात, उचलून दुसरीकडे न्यायचं नाही. आणि ह्यांनी मला कोणत्या विश्वासाने सोबत नेलं होतं! मी सारखी भांडी आपटत होते. मुलगा म्हणाला, "आये, पनीर इतक्या वायट असा काय?"

जेवणं झाली. हे सोप्यावर खुर्चीत, डोळे मिटून. पाहुणी मुलाजवळ जाऊन बसली, मोबाईल पुढे केला. म्हणाली, "भैया, ये अंकल की प्रार्थना बहुत प्यारी है. मुझे रील में डालनी है. आप मतलब लिखवा दोगे?"

मी दारात हात पुसत होते, तशीच उभी राहिले. ह्यांनी डोळे उघडले, पण उठायला उशीर झाला होता. मोबाईलमधून ह्यांचाच आवाज यायला लागला. मुलगा एकेक ओळ थांबवून हिंदीत सांगत होता, ती नवऱ्याच्या मोबाईलवर लिहून घेत होती. ये लड़की परदेस से है. इसे पता नहीं था. खोल्यांची ओळ आली, त्याने सांगितली, थोडा लाजलाही. मग पुढची ओळ वाजली.

त्याने ती परत लावली. "तोंडान मी झिलाक…" परत लावली. पोर बोटं नवऱ्याच्या मोबाईलवर ठेवून वाट बघत होती. तिने हळूच विचारलं, "भैया, ये वाली लाइन?"

"ये मत डालो," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा आला. "ये मेरे लिए है."

पोरीने तिथेच लिहिणं थांबवलं. खरंच गुणाची. तिच्या रीलमध्ये ती ओळ नाही. रील पुढे गेलं, लोकांनी बदाम दिले, माझ्या तोणाकाची पाककृती मागितली, आणि समुद्र किती लांब हे न विचारता पहिली माणसं आमच्याकडे आली. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी यातलं काहीच झालं नव्हतं. उद्या कोणी येईल याची हमी नव्हती, आणि एजंटचा फोन सकाळीच येऊन गेला होता.

मुलगा उठून ह्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, मी जाणंय नाय. खोल्यो चलूंदेत, नायतर नको."

हे त्याच्याकडे बघेनात. खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाले, "माका कित्याक सांगतस? ज्येका सांगलंय, तेका जावन सांग."

मुलगा खरंच निघाला, अनवाणी, बागेच्या टोकाकडे. मग हे उठले. मग मी. पाहुण्यांनी कॅमेरा हातातही घेतला नाही, सोप्यावरच बसून राहिले.

त्याला काही गाऱ्हाणं घालता येत नाही. कोणी शिकवलंय? दगडासमोर हात जोडून नुसता उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "म्हाराजा, मी आता हयच रवतंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ओठ हलवत होते, पण आवाज निघत नव्हता. म्हणून दोघांच्या वाटचं मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि इतक्या मोठ्याने म्हटलं, की मुलगा दचकून मागे वळला आणि तेव्हा त्याने बापाला रडताना बघितलं.