पहिली सवारी

माह्या आबाजीचा धंदा सांगितला की लोक पोट धरून हसतात. भैय्याजी त्यायचं नाव, वय चौऱ्याहत्तर, अन् काम एकच: रिकाम्या ऑटोत बसणं!

माह्या बाबाचा शेअर ऑटो नंदनवन वस्तीत, आमच्या कॉलेजच्या गेटसमोर लागते. चार सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून रिकाम्या ऑटोत कोणी चढत नाही. मग आबाजी धुतलेला सदरा घालून, मांडीवर थैली घेऊन आत बसतात अन् सारखे घड्याळ पाहतात. एक बसलेला दिसला की दुसरा येते, तिसरा लवकर, चौथा तर धावतच. अन् पाचवा आला, की आबाजी कपाळावर हात मारतात, "अरे बाप्पा, चष्मा घरीच राहिला!" अन् उतरतात. चष्मा नाकावरच असते.

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत माह्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. नापास. यंदाही तेच झालं तर बीएस्सी बोंबलली. परीक्षेच्या दिवशी सकाळी रिकाम्या ऑटोत आबाजीजवळ बसून मी घोकून राहिली होती: हिमोग्लोबिनात ऑक्सिजनच्या चार जागा, पहिला मुश्किलीनं बसते, तो बसला की पुढच्याचा वेग वाढते...

"काहून रटून राहिली वं रोशनी?" आबाजी म्हणाले. "हे तर मी रोजच करतो. तू फक्त पहिला शब्द बसव."

परीक्षा घ्यायले बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं. मी डोळे मिटले अन् म्हणाली, "सर, माझे आबाजी..." बस्स, मग मी थांबतेच कशाले! थैली, घड्याळ, चष्मा, सगळं सांगितलं. सर टेबल बडवून हसले.

"एक चूक आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "पहिला ऑक्सिजन असा उतरून जात नाही. तोही बाकीच्यांसोबत प्रवास करतो. एवढं दुरुस्त कर. पास!"

मी पळतच सुटली. "आबाजी, पास!" म्हणत ऑटोत उडी मारली. मागोमाग माह्या मैत्रिणी प्रीती अन् मिनल चढल्या. बर्डीच्या बाजारात जाऊन पोहे खायचे होते. तेवढ्यात एक बाई धावत आली, अन् आबाजीचा हात सवयीनं कपाळाकडे गेला.

"अरे बाप्पा, चष्मा..."

मी तो हात घट्ट धरला. "बसा! आज उतरायचं नाही."

बाबा हसला. "ताई, गाडी फुल्ल हाय."

ऑटो सुटला. सहा वर्षं रोज त्यात बसणारे आबाजी पहिल्यांदा बर्डीले निघाले होते. दोन चौक ते बाबाचे हँडलवरचे हात पाहत राहिले. मग पुढं वाकून बाबाले म्हणाले, "अंकुश, बरी चालवतं गा गाडी तू!"