फाटकातला सिग्नल

तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका रोज सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येत आणि मान वर न करता "सिग्नल?" अशी आरोळी ठोकत. आरोळी म्हणजे आरोळीच, बडोद्याच्या प्रतापनगरचा अर्धा रस्ता ऐकायचा. नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटावं, म्हातारबुवांचं डोकं फिरलंय. मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून रस्ता बघून "हिरवा" म्हणायचे. खालून काकांचा "हिरवा" परत यायचा आणि मग त्यांची बॅटरीवरची चारचाकी गाडी फाटकाबाहेर पडायची.

उभी हयात काकांनी रेल्वेचं इंजिन चालवलं. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तेच परत म्हणायचं, हा तिथला नियम. निवृत्तीनंतर मधुमेहाने त्यांचं डावं पाऊल नेलं, आणि बंगळूरच्या मुलाने ही अपंगांसाठीची, हँडलची गाडी पाठवली. गाडी झकास होती, पण तिच्यावर बसलेला माणूस फार खाली असतो. आमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना कंपाउंडची भिंत, भिंतीला खेटून लावलेल्या दुचाक्या. रस्त्यावरून काय येतंय ते काकांना थेट अंगावर आल्यावरच दिसायचं. म्हणून काकू पुढे होऊन डोकावायच्या आणि सिग्नल द्यायच्या.

काकू गेल्या तेव्हा गाडी दोन आठवडे जिन्याखाली तशीच पडून होती. मग एका सकाळी काका तिच्यावर बसून बाहेर आले, फाटकाशी थांबले आणि सवयीने "सिग्नल?" म्हणून गेले. कोण बोलणार? मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांची ती पाठमोरी, थांबलेली मान मला बघवेना. मी वरून म्हणाले, "हिरवा, काका."

त्यांनी वर पाहिलं. "असिस्टंट बदलली वाटतं," एवढंच म्हणाले आणि निघाले.

आई गेल्यापासून मीही एकटीच राहते. ऑफिसात दिवसभर गुजराती, बाजारात गुजराती, फोनवर हिंदी. माझ्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघायचा तो "हिरवा". पुष्कळदा दिवसभरातलं मराठी तेवढंच. आपल्या एका शब्दावर कोणीतरी थांबतं आणि निघतं, याचं मला किती अप्रूप होतं ते आज कळतं.

काका बडोदं पायऱ्यांवरून ओळखत. तीन पायऱ्यांचा न्हावी, दीड पायरीचा दूधवाला. मारुतीच्या देवळाला चार पायऱ्या, म्हणून रस्त्यावरूनच नमस्कार. "त्याला वाटलं तर तो येईल खाली. उडी मारायची त्याला सवय आहे," म्हणायचे. बॅटरीचा कायदा तर फारच कडक, काटा अर्ध्यावर आला की असू तिथून माघारी. एकदा मांडवीचा दरवाजा समोर दिसत असताना काटा अर्ध्यावर आला, आणि हे वळले. मी म्हटलं, "अहो काका, शंभर पावलं राहिली होती!"

"येताना नेमकी तीच शंभर कमी पडतात," काका म्हणाले. "आणि तुझ्यासारखी ती मला चालून काढता येत नाहीत."

रविवारी कधी कधी मी त्यांच्याबरोबर जायचे. एकदा औषधांच्या दुकानाशी गाडी लावली. दुकानदार काउंटरमागून त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "बोलो बेन, दादाने शुं आपुं?" आजोबांना काय देऊ, हे तो मला विचारत होता. काकांनी चिठ्ठी उंच धरली आणि शांतपणे म्हणाले, "भाई, दादाना पग बंद छे. कान चालु छे." दुकानदार ओशाळला, बाहेर येऊन औषधं हातात देऊन गेला. मी हसले. काका हसले नाहीत. "काकू असतानाही लोक तिलाच विचारायचे," म्हणाले. "तेव्हा मात्र राग यायचा नाही."

मग जे झालं ते माझ्यामुळे झालं. त्या सकाळी मला ऑफिसला उशीर झाला होता. पोळी तव्यावर, केस ओले. खालून "सिग्नल?" आलं आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "हिरवा!" रोज हिरवाच तर असतो. पाठोपाठ ब्रेकचा आवाज आला, रिक्षावाल्याच्या शिव्या आल्या. मी धावत खाली गेले. रिक्षाने गाडीच्या पुढची टोपली चेपून टाकली होती, भाजीची पिशवी रस्त्यात पडली होती. काकांना खरचटलंही नव्हतं.

मी माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "पाहिल्याशिवाय बोलायचं नसतं, शुभा," ते म्हणाले. "तू गप्प राहिली असतीस तरी चाललं असतं. सिग्नल आला नाही तर मी नुसता थांबतो."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी गॅलरीत कठडा धरून उभी. गाडी फाटकाशी आली, आरोळी आली नाही. वॉचमन रमणभाई पाणी भरायला गेले होते. त्यांनी रस्ता बघून सांगावं म्हणून काका वाट बघत बसून राहिले, मग मागे फिरले. मी वर आहे हे त्यांना ठाऊक होतं. असं तीन-चार दिवस झालं आणि पुढे गाडी फाटकाशी येणंच बंद झालं. मी शेव-उसळ घेऊन गेले, त्यांनी आवडीने खाल्ली, ऑफिसची चौकशी केली, सिग्नलचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, धीर झाला नाही. घरी येऊन रडले.

चार महिन्यांनी मुलगा न्यायला आला. "बाबा हल्ली बाहेरच पडत नाहीत, बॅटरी उतरली असेल बहुतेक," मला म्हणाला. मी त्याला खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "असेल."

निघायच्या दिवशी टॅक्सी रस्त्यापलीकडे सावलीत उभी होती. मुलगा सामान घेऊन आधी पलीकडे गेला. मी निरोप घेऊन वर आले होते, कारण खाली माझा चेहरा ठीक राहिला नसता. काकांची गाडी फाटकाशी येऊन थांबली. टोपली अजून चेपलेलीच होती.

"या बाबा, कोणी नाहीये," मुलगा पलीकडून म्हणाला.

काका हलले नाहीत. मान वर न करता, जुन्या आवाजात म्हणाले, "सिग्नल?"

मी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकले. वळणाआडून एक टेम्पो येत होता, मुलाला तो दिसत नव्हता. "लाल!" मी ओरडले.

"लाल," काका म्हणाले. टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. एक सायकल येत होती, तिलाही जाऊ दिलं. मग रस्ता रिकामा झाला. मी गप्प राहिले असते तर काका नुसते थांबले असते, त्यांनीच सांगितलं होतं. पलीकडे मुलगा घड्याळ बघत होता. काका माझ्याकडे पाठ करून, हँडलवर हात ठेवून थांबले होते, मी बोलेन याची खात्री असल्यासारखे. मी आणखी एकदा दोन्ही बाजूंना पाहिलं. काहीच येत नव्हतं.

"हिरवा," मी म्हणाले.

"हिरवा," खालून आलं, आणि गाडी निघाली.