त्या कोपऱ्यात ऊन पडत नाही

सरकारी कार्यालयांत ऑडिट करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही.

चहाच्या टपरीवर, ट्रेनिंगमध्ये, निरोप समारंभात आपण हेच रडगाणं गातो. मी तर स्टेजवर उभी राहून गायलेय. टाळ्याही घेतल्यात.

आज सुखरामभाऊला जाऊन एक वर्ष झालं. आज टाळ्या नकोत.

सुखरामभाऊ गोरेगाव तालुक्यातल्या एका धानाच्या गोदामात हमाल होता. मी अंतर्गत लेखापरीक्षण पथकाची प्रमुख. आमची ओळख फक्त तीन दिवसांची.

पोत्यांची थप्पी मोजायची आमची पद्धत ठरलेली. लांबीची पोती, रुंदीची पोती, उंचीचे थर. गुणाकार करायचा. सही करायची.

मी गुणाकार करत होते. तो बाजूला बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"मॅडम, बाहेरूनच मोजून राहिल्या का जी?"

"मग काय, आत शिरू?"

"शिरू नका बाप्पा! पण त्या कोपऱ्यातली पाहून घ्या. पोट काढून राहिली ते. एखाद्या दिवशी बाळंत होते का नाही, पाहाच."

सगळे हमाल हसले. मीही हसले.

कोपऱ्यात इतका अंधार होता की मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. थप्पीखालची फरशी खचली होती. खालचे थर ओलीनं कुजले होते. मधली पोती खरंच पोटासारखी पुढे आली होती.

"गोदामाच्या साहेबांना सांगितलं नाही का?"

"सांगतलं ना जी. साहेब म्हणते, तू हमाल आहेस का इंजिनिअर? तुमी लिवा. तुमचं लिवलेलं तं आयकतीन."

मी लिहिलं. ठळक अक्षरात लिहिलं. थप्पी तातडीनं उतरवावी, फरशी दुरुस्त करावी, तोवर तिथं कुणाला कामाला लावू नये.

त्या रिपोर्टवर मला गर्व होता. खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी गोदामाकडून पूर्ततेचा कागद आला. "दुरुस्ती करण्यात आली आहे." सोबत एक फोटो. सरळ, देखणी थप्पी.

पाठोपाठ गोदामाच्या साहेबांचा फोन. "मॅडम, तो मुद्दा क्लोज करून टाका ना. मार्च संपून राहिला. वरून विचारून राहिले."

माझ्या टेबलावर असे कागद ढिगानं होते. गोदाम एसटीनं तासाभराच्या अंतरावर.

मी गेले नाही.

मी लिहिलं, "पूर्तता झाल्याने मुद्दा वगळण्यात येत आहे." खाली सही. त्याखाली शिक्का.

त्यानंतर पंधरा दिवसांत तीच थप्पी कोसळली. खाली सुखरामभाऊ होता.

बातमी कळल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला.

फोटोत पोत्यांवर ऊन पडलं होतं.

त्या कोपऱ्यात ऊन पडतच नाही. मी स्वतः तिथं टॉर्च धरून उभी होते. फोटो शेजारच्या, खिडकीजवळच्या थप्पीचा होता. थप्पी कुणी उतरवली नव्हती, फरशीला कुणी हात लावला नव्हता.

आपलं कुणी वाचत नाही म्हणून बोंबलणारी मी. माझ्यासमोर आलेला एक फोटो मी धड पाहिला नाही.

मग चौकशी झाली. चौकशी म्हणते, हमालानं खालची पोती आधी ओढली. "कामगाराचा निष्काळजीपणा."

आणि थप्पी सुस्थितीत होती, याला पुरावा काय? तर लेखापरीक्षणानं तो मुद्दा वगळला होता.

म्हणजे माझी सही.

मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, यमुनाबाईनं, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, थप्पी खराब आहे असं तुमी लिवलं होतं ना जी?"

"हो."

"मंग माहा माणूस निष्काळजी कसा?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

ती म्हणाली, "बाकी काही नको जी. तेवढा शब्द काढून द्या. पोरगी शाळेत जाते. पोरं तिले म्हणतेत, तुहा बाप आपल्याच चुकीनं मेला."

तेवढा एक शब्द.

मी वरिष्ठांना लेखी दिलंय की मुद्दा मी जागेवर न जाता वगळला. फोटो दुसऱ्या थप्पीचा आहे. सुखराम निष्काळजी नव्हता, निष्काळजी मी होते. माझ्यावर कारवाई करा आणि तो शब्द खोडा.

तीनदा दिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच. "आपले पत्र दप्तरी दाखल करण्यात आले आहे."

कारवाईसुद्धा करत नाहीत हो! माझी सही खोटी ठरली तर त्यांची चौकशी खोटी ठरते. त्यांना माझी सही खरीच हवी आहे.

आज सकाळी यमुनाबाईचा फोन आला. "काही झालं का जी?"

वर्षभर माझं एकच उत्तर. "नाही बाई, अजून नाही."

आता कुठं जाऊ ते मला कळत नाही. म्हणून तुमच्याकडे आलेय. आणि कोरडी हळहळ मागायला आलेली नाही.

तुमच्या टेबलावर आत्ता, या क्षणी, वगळायला आलेला एखादा मुद्दा असेल. सोबत फोटो असेल. फोन येऊन गेला असेल.

त्यावर सही करू नका. आधी त्या जागेवर जा. ज्या माणसानं तुम्हाला ते दाखवलं होतं, त्याला शोधा, शेजारी उभं करा आणि विचारा, "झालं का रे भाऊ?" तो हो म्हणाला तरच पेन उघडा.

सुखरामभाऊ, तुम्ही दाखवलंत. मी पाहिलं आणि तरी पाहिलं नाही. तो शब्द खोडला जाईपर्यंत तुम्हाला निरोप द्यायचा हक्क मला नाही.

नुसता रामराम घ्या.