पडद्यावरची चीर

महागावजवळच्या तांड्यावरचा शाम आडे शेतकरी कंपनीत पत्रव्यवहार बघायचा. सहा वर्षांपूर्वी त्याची नजर पुरती गेली, पण काम सुटलं नाही, कारण त्याची बायको लालीबाई रोज ऑफिसात त्याच्या शेजारी बसू लागली. आलेली पत्रं ती वाचून दाखवायची, तो सांगेल ते लिहून घ्यायची. दहावीपर्यंतच शिकलेली, पण जोडाक्षराला कधी अडखळली नाही. सोयाबीनच्या ओलाव्यापासून बारदान्यापर्यंत जे काही शामच्या कानावर जायचं, ते तिच्याच तोंडून.

यंदा कंपनीनं त्याला बोलणारा लॅपटॉप घेऊन द्यायचं ठरवलं. आता लालीबाईचीही सुटका होईल, असं अध्यक्ष किसनराव मायेनं म्हणाले. तिला ते झोंबलं. सुटका तिनं मागितली कधी होती?

दोघं यवतमाळच्या दुकानात गेले. दुकानदार शामशी बोलेचना; पडदा किती चकचकीत आहे, ते लालीबाईलाच सांगत बसला. शेवटी शाम म्हणाला की पडदा मला काय कामाचा, बटणं दाखवा. मग त्यानं बोटांनी चाचपून दोन लॅपटॉप बाजूला काढले. एक पातळ, सपाट बटणांचा. दुसरा जाडजूड, त्याची बटणं सुटी सुटी, बोटाला नीट लागणारी, उजवीकडे आकड्यांची वेगळी जागा. दुकानदारानं दोन्हींवर मजकूर वाचणारा प्रोग्राम चालू करून मराठी आवाज लावला.

पातळ्यात आवाज बटणामागून रेंगाळत यायचा. जाड्यात मात्र बोट पडताच एक बाई अक्षर बोलायची. शामनं तिचा वेग वाढवला, अजून वाढवला. लालीबाईला एक शब्द कळेना आणि हा मान डोलवत होता. नजर गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर असं हसू तिनं पाहिलं नव्हतं. न थकणारी, न खोकणारी, चुलीकडे उठून न जाणारी बाई!

दुकानदार खोका आणायला आत गेला. शामनं हळूच विचारलं, जाड्यात वरून काही खोट तर दिसत नाही ना?

"पडद्याले मधोमध चीर हाय," लालीबाई म्हणाली. "लवकरच बिघडन."

शाम थोडा वेळ त्या बटणांवरून बोटं फिरवत राहिला. मग हात काढून घेतला. "तू पाह्यलं ना, मंग झालं. पातळाच घेऊ."

त्यानं पुन्हा विचारलंही नाही, हेच तिला सोसेना. दुकानदार बाहेर येऊन पातळ लॅपटॉप खोक्यात ठेवू लागला, तेव्हा तिनं शामचं मनगट धरलं.

"चीर नाही. मी खोटं बोलली."

"काहून?"

"ते बाई तुमाले लय आवडली म्हून."

दुकानदाराचे हात थांबले. शामनं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "सहा वर्सांत अजून काही खोटं वाचलं का तू?"

"नाही. एक अक्षर नाही."

त्यानं जाड्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि तोच बांधायला सांगितला. परतीच्या एसटीत आर्णीला त्यानं पाण्याची बाटली मागितली, एवढंच.

महिनाभरात शाम एकट्यानं पत्रं लिहू लागला. कानात हेडफोन घालून मधेच स्वतःशी हसायचा. लालीबाई आता दुपारून ऑफिसात यायची आणि ते हसू दिसलं की तिचा जीव जळायचा. पण हातानं लिहिलेल्या अर्जाचा फोटो वाचायला दिला की ती यंत्रातली बाई भलतंच बरळायची, नाहीतर मुकी व्हायची. मग शाम हेडफोन काढून लालीबाईला हाक मारायचा.

परवा तांड्यावरची मानीबाई विचारायला आली, की अर्ज टाइप करून आणू का.

"कायले टाइप करता?" लालीबाई म्हणाली. "हातानंच लिवा ना."