केबिनमधून खाली

गोदीत तिला सगळे उंचबाई म्हणत. अंगाने ती जेमतेम पाच फूट. पण दिवसभर बसायची क्रेनच्या केबिनमध्ये, आकाशाला टेकून. मोठाले कंटेनर जहाजावर असे ठेवायची की खालच्यांना आवाजही येऊ नये. काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एकदा शिडी चढलं की जेवणाच्या सुट्टीलाच उतरायचं. म्हातारा स्वतः लघवीसाठी रिकामी बाटली सोबत नेई. बाईमाणसाला त्या बाटलीचा काय उपयोग? म्हणून ती पाणीच प्यायची नाही.

शरीर थोडंच ऐकून घेतं! लघवीला आग व्हायची, थंडी वाजून ताप यायचा. डॉक्टरीणबाई तपासणी करून गोळ्या द्यायच्या, बरं वाटायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पाणी भरपूर पिता ना, असं त्या दर वेळी विचारत आणि ही बिनदिक्कत हो म्हणून मोकळी होई. रजा वाढत गेल्या तेव्हा मुकादमाने सांगून टाकलं, अजून एकदा आजारी पडलीस तर केबिन दुसऱ्याला आणि तू गोदामात. तिच्या पायाखालची जमीन सरकली. त्या केबिनवर तिचा नवऱ्यापेक्षा जास्त जीव होता. नवऱ्याला हे ठाऊक होतं आणि त्याची काही तक्रार नव्हती.

अॅक्युपंक्चरचं नणंदेने काढलं. तिच्या ओळखीतल्या एकीला अशाच दुखण्यात गुण आला होता म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करून बघा, पण ताप आला तर आधी माझ्याकडे यायचं.

सुया लावणाऱ्या बाईंनी आधी पेलाभर पाणी प्यायला लावलं. मग तिला पलंगावर निजवून घोट्याच्या आतल्या बाजूला, पोटरीवर, ओटीपोटावर केसासारख्या बारीक सुया टोचल्या. फारसं दुखलं नाही. पण थोड्याच वेळात लघवी लागली. उंचबाई तशीच पडून राहिली. सवयच तशी, एकदा कामाला लागलं की मध्ये उठायचं नाही. बाईंना तिच्या पायाची आवळलेली बोटं दिसली.

"जायचंय का?"

"राहू दे. तुमचं होऊ दे आधी."

"माझं काय व्हायचंय? सुया तुमच्या अंगात आहेत."

बाईंनी सगळ्या सुया काढल्या, ती जाऊन आल्यावर नव्या लावल्या. कपाळाला आठी नाही. एवढ्याशा गोष्टीने उंचबाईला रडू आलं आणि रडू आल्याची लाज वाटली. तुम्ही अशा धरून बसलात तर माझ्या सुया तरी काय करणार, असं बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ती पाणी घेऊन वर चढली आणि चांगलं प्यायली. सकाळ अर्धी सरली नसेल तोच लघवी लागली. हवेतला कंटेनर तिने जागेवर टेकवला आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं. त्यावर बोललेलं सबंध गोदी ऐकते. तिचे कान तापले.

"मुकादम, मी खाली येते."

"काय बिघडलं?"

"काही नाही. लघवीला जायचंय."

तिने तोवर केबिनचं दार उघडलंही.

"मग ये की," मुकादम म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

शिडी उतरताना तिला आधी हसू फुटलं. मग राग आला, म्हाताऱ्याचा, मुकादमाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं आणि तिला कुणी कधी नाही म्हटलंच नव्हतं.